वखारीच्या भिंतीवरचा सरकारी कागद

साल एकोणीसशे त्रेचाळीस. मी तेहेतीस वर्षांचा होतो आणि स्वतःच्या धंद्याला नुकती दोन वर्षं पुरी झाली होती.

त्याआधी सोळा वर्षं मी हुबळीतल्या एका अडत दुकानात नोकर होतो. पोती मोजायची, फाटलेली शिवून घ्यायची, गाडीत चढवायची. एक दिवस मालकाने चार गिऱ्हाइकांसमोर मला "हमालाचं पोर" म्हटलं. खोटं नव्हतं ते. माझे वडील हमालच होते. पण म्हणायची एक रीत असते. मी हातातलं पोतं खाली ठेवलं, झाला तेवढा पगार मागून घेतला आणि पायऱ्या उतरलो. मालकाने दोनदा निरोप पाठवला. मी गेलो नाही. गेलो असतो तर ही गोष्ट लिहायला बसलोच नसतो.

दाजीबानपेठेच्या मागच्या बोळात एक वखार भाड्याने घेतली आणि बारदानाचा धंदा सुरू केला. बारदान म्हणजे रिकामी पोती. लढाई चालू होती, नवीन पोतं बाजारात मिळेना, आणि शेंगा, मिरची, जोंधळा भरायला तर पोतं हवंच. मी जुनी, उसवलेली, उंदरांनी कुरतडलेली पोती विकत घ्यायचो. चार बायका दाभण-सुतळीने ती शिवायच्या. त्या अळणावरकडच्या खेड्यांतून पोटासाठी हुबळीत आलेल्या. चौघींत थोरली होती तिला सगळेच अक्का म्हणायचे, मीही म्हणायचो. शिवलेली पोती मी व्यापाऱ्यांना हंगामापुरती भाड्याने द्यायचो. माल विकला की पोतं परत. विकायचो क्वचितच.

पोतं परत येईल याची खात्री काय? म्हणून वहीत त्या व्यापाऱ्याच्या नावावर पोत्याची पुरी किंमत लिहून ठेवायची. शंभर पोती गेली की शंभर पोत्यांचे पैसे नावावर. सगळ्या बाजारात हीच रीत होती. माझी वेगळी गोष्ट एवढीच, की परत आलेली पोती मी वहीत लिहीत नसे. माझं शिक्षण मराठी तिसरीपर्यंत. दारात एकदम तीन गाड्या येऊन उभ्या राहायच्या, धूळ डोळ्यांत, हात दोन्ही पोत्यांत, तिथे टाक-दौत कुठे आणायची? वडील करायचे तसं मी करायचो. दर व्यापाऱ्याची एक सुतळी. दहा पोती परत आली की एक साधी गाठ. शंभर झाली की दुहेरी गाठ. हंगाम सरला की शेवटी लाल चिंधी बांधायची आणि सुतळी खिळ्याला लटकवून ठेवायची. एकाही गाठीची चूक माझ्या सुतळीत कधी झाली नाही. आजही कुणी दाखवून द्यावी.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

उन्हाळ्यात एक गृहस्थ वखारीत आले. कोट, काळी टोपी, हातात जाड वही. मला वाटलं, पोती घ्यायला आलेत. बसायला चांगलं पोतं घडी करून दिलं, चहा मागवला.

"धंदा कसा काय चाललाय?" ते म्हणाले.

शेजारच्या दुकानात मिरचीचे व्यापारी होते, कानडी, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. त्यांना मी अप्पा म्हणायचो. असं कुणी विचारलं की ते कपाळाला हात लावायचे, "सगळं बुडालं बघा" म्हणायचे. सगळा बाजार असंच म्हणायचा. मला ते कधी आवडलं नाही. सोळा वर्षं दुसऱ्याची पोती मोजून मी स्वतःची वखार घातली होती, ती काय बुडालं म्हणायला?

"झकास चाललाय की!" मी म्हणालो. "या वर्षी मिरचीच्या निम्म्या बाजाराला माझंच पोतं लागलंय."

"महिन्याला किती माल जातो?"

मी वही काढली आणि त्यांना मोठ्याने आकडे वाचून दाखवले. त्यांनी स्वतःच्या वहीत उतरवून घेतले. चहाबद्दल आभार मानले. पोती घेतली नाहीत. मला जरा आश्चर्य वाटलं, पण म्हटलं, मोठ्या लोकांचं तसंच असतं.

पंधरा-वीस दिवसांनी पट्टेवाला आला. लांबट कागद, वर सरकारी छाप, खाली शिक्का, सगळं इंग्रजी. माझं नाव मात्र टाइप केलेलं, ते पट्टेवाल्याने बोट ठेवून दाखवलं. पोचपावतीवर मी ठसठशीत सही केली. अंगठा नाही, सही.

माझ्याकडे नगरपालिकेचा परवाना होता. तो सगळ्यांना दिसेल असा भिंतीवर लावायचा असा नियमच होता. हा कागद मला त्याच घराण्यातला वाटला. नगरपालिकेने धंद्याला मान्यता दिली होती, आता वरच्या सरकारनेही दिली. ते कोटवाले गृहस्थ त्याचीच चौकशी करायला आले असणार. मी बारा आणे खर्चून त्याला काचेची चौकट केली आणि परवान्याशेजारी, जरा वरच्या बाजूला, लटकवला. शुक्रवारी उदबत्ती ओवाळताना एक फेरा त्या कागदालाही जायचा. हे लिहिताना आता हसू येतं. त्या वेळी आलेलं नव्हतं.

अप्पा एकदा वखारीत आले, चष्मा वर करून कागद वाचला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे बघितलं. "धाडसी आहेस तम्मा," एवढंच म्हणून निघून गेले. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. मला वाटलं, कौतुक करतायत.

तीन महिने गेले. मग दुसरा कागद आला. हाही इंग्रजी, पण यात आकडे होते. आकडे मला वाचता येत होते. एका ओळीत अकरा हजार, आणि खाली अकराशे बेचाळीस रुपये. मला काही उमजेना. सरकारला पोती हवीत की काय? मी कागद घेऊन अप्पांकडे गेलो.

अप्पांनी वाचला आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तम्मा, हे इन्कमटॅक्सचं आहे. गेल्या वर्षी तुला अकरा हजार नफा झाला असं साहेबाने ठरवलंय. त्यावर अकराशे बेचाळीस रुपये कर भर म्हणतात."

"कुणाला झाला?"

"तुला."

"अकरा हजार?"

"हौदु. तुलाच."

मी तिथेच मिरच्यांच्या ढिगावर बसलो. मिरच्यांवर बसलोय हे घरी गेल्यावर कळलं.

"मी तर परवान्याचे पैसे भरलेत की! पावती आहे."

"ते नगरपालिकेचे रे. हे वेगळं. नोकर होतास तोवर तुझ्या मालकाला हे सगळं बघावं लागत होतं. आता मालक तू. वर्षाची कमाई तूच लिहून कळवायची आणि त्यावर कर तूच भरायचा."

"पण मला कुणी विचारलं होतं का? न विचारता परस्पर कसं ठरवलं?"

अप्पा माझ्याकडे बघतच राहिले. "विचारलं नव्हतं? भिंतीवर काय लावलंयस मग? तीच तर नोटीस! तीस दिवसांच्या आत कमाईचा तक्ता भरून द्या, नाहीतर आम्ही आमच्या अंदाजाने ठरवू, असं त्यात लिहिलंय."



"तुम्ही बघितला होतात ना कागद? मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तू मुद्दाम लावलायस. सरकारची नोटीस चौकटीत घालून दुकानात लावणारा माणूस म्हणजे वकीलबिकील गाठून लढायला निघालाय, असं वाटलं मला. बाजारात तर सगळ्यांनाच वाटत होतं. यप्पा, तुला वाचताच येत नव्हतं होय!"

हे शेवटचं वाक्य मला अकराशे रुपयांपेक्षा जास्त लागलं.

"नाही भरले तर?" मी विचारलं.

"वखारीला सील. पोती लिलावात."

माझ्या सगळ्या पोत्यांची किंमत तेवढी भरली असती की नाही, शंका होती. म्हणजे वखार गेली, पोती गेली, आणि तेहेतिसाव्या वर्षी पुन्हा त्याच अडत दुकानाच्या पायऱ्या. ते चित्र डोळ्यांपुढे आलं.

घरी बायकोला सांगितलं. तिने भाकरी थापता थापता विचारलं, "म्हणजे आपल्याकडे अकरा हजार आहेत?"

"नाहीत गं!"

"मग सरकार उगाच म्हणेल का? कुठे ठेवलेत ते सांगा तरी." त्यानंतर दोन दिवस ती माझ्याकडे संशयानेच बघत होती. घरातल्या माणसालाही जे पटेना, ते कचेरीत कुणाला पटवायचं?

अप्पा म्हणाले होते, एका महिन्याच्या आत अर्ज करता येतो, चल, मी येतो बरोबर. मी नको म्हणालो. ज्याच्यासमोर आपल्याला वाचता येत नाही हे उघडं पडलं, त्यालाच बरोबर घेऊन फिरणं माझ्याच्याने होणार नव्हतं. कचेरीबाहेर झाडाखाली बसणाऱ्या अर्ज लिहिणाऱ्याला एक रुपया देऊन मी अर्ज लिहून घेतला. कागद इंग्रजी होता, समजला नाही, हिशोब पुन्हा बघावा. त्याने "अज्ञान" असा शब्द घातला होता. मी तो खोडायला लावला. तो म्हणाला, "अहो, याच शब्दावर तुमची सुटका आहे." मी म्हणालो, "मग दुसरा कुठला तरी शब्द शोधा." शेवटी "गैरसमज" लिहिलं.

सुनावणीची तारीख आली. मी धुतलेलं धोतर नेसलो, वही घेतली, आणि खिळ्यांवरच्या गेल्या वर्षाच्या सगळ्या सुतळ्या एका पोत्यात भरल्या. पोतं भरलं चांगलंच. पण ते डोक्यावर घेऊन मी कचेरीत कसा जाणार? मालक होतो ना मी. म्हणून अक्काला बरोबर घेतलं. तिच्या डोक्यावर पोतं, पुढे मी. लॅमिंग्टन रोडवरून असे आम्ही दोघं निघालो. तिने वाटेत विचारलं, "अण्णा, सुतळ्या विकायला चाललाय काय?" मी पाय झपाझप उचलले.

साहेब तरुण होता, धारवाडकडचा, मराठी-कानडी दोन्ही बोलणारा. खुर्ची दिली मला. त्याने वही चाळली.

"यात तर नुसती गेलेलीच पोती आहेत. म्हणून आमच्या माणसाने ती सगळी विकलेली धरली. तुम्ही म्हणता, परत येतात. परत आलेली कुठे लिहिलीत?"

मी पोत्याचं तोंड सोडलं आणि टेबलावर सुतळ्या काढून ठेवल्या. कारकून हसला. साहेब हसला नाही, पण त्याने टाक खाली ठेवला.

"हे काय?"

"परत आलेली पोती."

मी त्याला गाठी समजावून सांगितल्या. तो ऐकत होता. मग म्हणाला, "तुमच्या गाठी, तुम्हीच वाचणार. मी खरं कशावरून मानू?"

"अक्कालाही वाचता येतात. शिवायला पोती मोजून तीच घेते."

"बाहेर बसलेल्या त्या बाई? बरं. आधी मला सांगा, शिवणावळ काय देता?"

शिवणावळ खर्चात धरली जाते, म्हणजे तेवढा नफा कमी दिसणार, एवढं मला तोवर कळलं होतं. पंधराशेच्या आत नफा असला तर माणूस करातून मोकळा, हेही अर्ज लिहिणाऱ्याने सांगितलं होतं. मी क्षणभरही न थांबता म्हणालो, "पोत्याला दोन पैसे."

देत होतो एक पैसा.

मला बाहेर बसवून त्याने अक्काला आत बोलावलं. मी बाकावर बसून होतो. दार उघडंच होतं, पण पंख्याच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. अर्धा तास झाला असेल. वखार राहणार की जाणार, ते आता एका अंगठेबहाद्दर बाईच्या बोटांवर होतं. आणि मी मात्र कागदावर सही येते म्हणून इतकी वर्षं मिरवत होतो.

मला आत बोलावलं तेव्हा साहेबाच्या पुढ्यात दुसऱ्याच कुणाची तरी जाड खातेवही उघडी होती. माझ्या एका व्यापाऱ्याच्या वह्या तपासणीसाठी कचेरीतच पडून होत्या. त्याची सुतळी साहेबाने अक्काला वाचायला लावली आणि त्याच्या वहीशी पडताळली.

"आठशे सत्तर पोती परत," साहेब म्हणाला. "त्यांच्या वहीतही आठशे सत्तरच आहेत." त्याने सुतळी पुन्हा उचलून निरखली. "मी चार वर्षं या खात्यात आहे. इतका बरोबर हिशोब मी कमी वह्यांत बघितलाय."

माझी मान ताठ झाली. ती तशी राहिली जेमतेम दोन श्वास.

"पण शिवणावळ तुम्ही दोन पैसे म्हणालात. या बाई एक पैसा म्हणतात."

अक्का टेबलाजवळच उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. गाठ चुकलेली सापडावी तसं बघितलं, आणि ते फार वाईट होतं. मी कधी तिच्यापुढे खोटं बोललो नव्हतो. निदान तिला ते कळलं नव्हतं.

"कुठलं खरं?" साहेब म्हणाला.

"एक," मी म्हणालो.

साहेब रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने निमूट आकडा लिहिला. भाडं एवढं, क्वचित विकलेल्या पोत्यांचा फायदा एवढा, वजा वखारीचं भाडं, सुतळी, शिवणावळ. मोठ्याने बेरीज वजाबाकी करत होता, मराठीत, मला समजावं म्हणून. मला समजत होतंच, अक्कालाही समजत होतं.

"दोन हजार दहा रुपये," तो म्हणाला. "हा तुमचा गेल्या वर्षाचा नफा. आधीचा अकरा हजारांचा हुकूम मी रद्द करतो. कर बेचाळीस रुपये बसेल. महिन्याच्या आत खजिन्यात भरा. आणि पुढच्या वर्षापासून नोटिशीची वाट बघत बसू नका, कमाईचा तक्ता वेळेवर भरून द्या. परत आलेली पोती वहीत लिहायला लागा."

वखार वाचली होती. बेचाळीस रुपये मी कसेही उभे करणार होतो. तरी मी खुर्चीवरून उठेना. अकरा हजारांनी मी हादरलो होतो, पण ते खोटं आहे हे मला ठाऊक होतं. हे दोन हजार दहा खरे होते. माझ्याच गाठींनी सिद्ध केलेले. मला दोन हजार उरतात? अडत दुकानात मला वर्षाला तीनशे मिळायचे नाहीत! पैसा आला की मी पोती घेत होतो, पोत्यांतून पैसा आला की पुन्हा पोती. हातात कधी काही दिसलंच नाही. बायकोला मी दोन वर्षं नवं लुगडं घेतलं नव्हतं, परवडत नाही म्हणून. ते मी खरं समजून सांगत होतो.

"काही शंका आहे?" साहेब म्हणाला.

"नाही," मी म्हणालो. "पुन्हा एकदा आकडा सांगा."

त्याने सांगितला. तोच होता.

परतताना मी सुतळ्यांचं पोतं उचलायला वाकलो. अक्काने आधीच ते डोक्यावर घेतलं होतं. या खेपेला ती पुढे चालली, मी मागे. बोळाच्या तोंडाशी अप्पा उभेच होते. "काय झालं तम्मा?" म्हणाले. मी म्हणालो, "बेचाळीस." त्यांनी दोन्ही हात जोडून वर बघितलं. बाकीचं मी त्यांना सांगितलं नाही. पुढे अनेक वर्षं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुलूप उघडायला गेलो तर चौघी दारातच उभ्या होत्या. रोज मी यायच्या आत पायरीवर बसून सुतळीला पीळ देत असायच्या. आज दाभणं कमरेला खोचलेली आणि हात मोकळे.

"काय गं, बसायचं नाही?" मी म्हणालो.

"बसतो की," अक्का म्हणाली. "दर ठरला की बसतो."

"दर ठरलेलाच आहे."

"तेच म्हणते मी. काल साहेबापुढे तुम्हीच सांगितलात, अण्णा. दोन पैसे."

मागची एकजण फस्सकन हसली आणि पदर तोंडात धरला. धाकटी म्हणाली, "सरकारात सांगितलेलं बदलता येतं होय?"

"ते चुकून बोललो मी."

"असेल," अक्का म्हणाली. "उरतात किती ते काही चुकून नाही ऐकलं. दोन हजार दहा. दोनदा सांगितलं साहेबाने. दुसऱ्यांदा तर तुम्हीच विचारून घेतलंत."

मला संताप आला. तेव्हा खरंच आला, खोटं कशाला लिहू. म्हटलं, जा, नका शिवू, मीच शिवतो. आत जाऊन दाभण घेतलं, एक पोतं मांडीवर ओढलं आणि बसलो. सोळा वर्षं शिवून घेतली होती मी, शिवली नव्हती. दोन टाके झाले आणि तिसऱ्याला दाभण अंगठ्यात गेलं. चौघी दारातून बघत होत्या. कुणी हसलं नाही, हसायला हवं होतं. बाहेर मिरचीच्या व्यापाऱ्याची गाडी येऊन थांबली, त्याला दुपारपर्यंत साठ पोती हवी होती.

मी अंगठा तोंडात धरून उठलो. "बसा," म्हणालो. "दोन पैसे."

कुणी बसलं नाही.

"वहीत लिहा," अक्का म्हणाली. "काल बघितलं मी. लिहिलेलं असतं तेच धरतात तिथे."

मी वही काढली, दौत उघडली. अंगठ्याचं रक्त कागदाला लागू नये म्हणून टाक वाकडा धरावा लागला. त्या दिवसाची तारीख घातली, खाली लिहिलं: शिवणावळ, दर पोत्यास दोन पैसे. मग त्या चौघींना ते मोठ्याने वाचून दाखवलं.